नारी नावाचा थांबा

मला नाशकात ज्यांनी उभं केलं त्यांना आमच्या सोसायटीत सगळे कंट्रोलर काका म्हणतात. हे आधीच सांगून टाकतो. कारण गोष्ट सुरू झाली की मी त्यांच्या कादंबरीवर येणार, आणि कादंबरीवर आलो की माझ्या तोंडून भलतंसलतं निघणार. तेव्हा माणूस आधी, कादंबरी नंतर.

काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवर खिडकीत बसून गाड्या सोडणारे. निवृत्त झाले, पण डावं मनगट डोळ्यांसमोर धरून घड्याळ बघायची सवय निवृत्त झाली नाही. काहीही विचारा, आधी मनगट वर जायचं आणि मग वाक्य यायचं, "आधी गाडी लागू दे." भाजीवाल्यानं भाव सांगितला, आधी गाडी लागू दे. डॉक्टरनं ऑपरेशन सुचवलं, आधी गाडी लागू दे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन सभासद हातघाईवर आले तेव्हा काका मधे उभे राहून हेच म्हणाले होते, आणि कोणती गाडी याचा विचार करता करता दोघांचाही जोर ओसरला.

असा माणूस तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेल. नोकरी संपते, पण हुद्दा अंगाला चिकटून राहतो.

मी गोंदियाकडचा. सातवीत शाळा सुटली. म्हणजे शाळा आहे तिथंच आहे, मी सुटलो. ठेकेदारानं आम्हा काही जणांना नाशकातल्या अंबडच्या एका कारखान्यात आणलं, काम संपलं तसं मोकळं केलं. बाकीचे परत गेले. मी पिशवी घेऊन स्टँडवर बसलो. घरी कोणत्या तोंडानं जायचं आणि इथं कुठं राहायचं, या दोन प्रश्नांच्या मधे जेवढी जागा असते तेवढ्या बाकावर. मला भीती सगळ्यांच्या आधी वाटते. कशाची ते मागाहून कळतं.

काका तेव्हाही रोज सकाळी स्टँडवर यायचे. काम काही नाही, सगळं वेळेवर सुटतंय का ते बघायला. मला बराच वेळ बघून जवळ आले. विचारलं, कुठं जायचंय?

"माहीत नाही जी."

चौकशीच्या खिडकीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला हे उत्तर कोणी दिलं नसावं. त्यांनी मनगट वर केलं, घड्याळ बघितलं, खरोखरच विचार केला.

"त्या गावाला आपली गाडी नाही," ते म्हणाले. "चल, चहा घेऊ."

सोसायटीचा जुना वॉचमन नुकताच गावी गेला होता. काकांनी मला थेट चेअरमनपुढे उभं केलं. चेअरमन सावध गृहस्थ. याला ओळखणारं इथं कोण आहे, असं त्यांनी विचारलं. काका म्हणाले, मी आहे. कधीपासून ओळखता? काकांनी घड्याळ बघितलं.

"सकाळच्या कळवण गाडीपासून."

त्या ओळखीवर मला दिवसपाळी मिळाली, गेटजवळची केबिन मिळाली, आणि संध्याकाळी काकूंच्या हातची भाजी-भाकरी सुरू झाली. असा हा माणूस. आता कादंबरी.

काका कादंबरी लिहितात हे मला काकूंमुळे कळलं. काकू सटाण्याच्या. एरवी शुद्ध बोलतात, राग आला की अहिराणी. एकदा डबा द्यायला खाली आल्या त्या धुमसतच. म्हणाल्या, सकाळपासून लिहायला बसलेत आणि तोंडानं नुसतं नारी, नारी चाललंय. "मी विचारलं, कोण शे ही नारी? तर म्हणतात, तेच तर रहस्य आहे."

त्या आठवड्यापासून काकांचा चहा बिनसाखरेचा झाला. काकांना वाटलं, डॉक्टरांनी सांगितलं असेल.

पुढे त्यांनी मला बसवून सुरुवात वाचून दाखवली, आणि काकूंचा राग मला समजला. सुरुवात फक्कड होती. कळवणहून निघालेली सकाळची गाडी नाशकात पोहोचते. सगळे उतरतात. मागच्या सीटवरचा एक गृहस्थ उतरत नाही. कंडक्टर हाक मारतो, खांद्याला हात लावतो, तर माणूस थंड. अंगावर इस्त्रीचे कपडे, ओळख पटेल असं काही नाही, मूठ घट्ट मिटलेली. मूठ उघडली तर आत तिकीट. त्यावर उतरायच्या ठिकाणी छापलेलं, 'नारी'. आणि त्या रस्त्यावरच काय, अख्ख्या जिल्ह्यात त्या नावाचा थांबा नाही.

मी विचारलं, मग? काकांनी वही मिटली आणि मनगट वर केलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

कादंबरी छापून आली. नाव 'मागच्या सीटवरचा गृहस्थ'. मुखपृष्ठावर लाल गाडी, मागच्या खिडकीत सावली. काकांनी स्वतः जिने चढून घरोघरी एकेक प्रत दिली. मलाही दिली, आत लिहून, "प्रवास सुखाचा होवो."

आता मला सांगायला जड जातं, पण ती सुरुवातच तेवढी होती. दुसऱ्या प्रकरणात इन्स्पेक्टर ठरवतो की मयताचा प्रवास आपण त्याच गाडीनं, कळवणहून, पुन्हा करायचा. इथंही हरकत नव्हती. पण गाडी काकांची होती. ज्या माणसानं आयुष्यात कधी ड्रायव्हरला थांबा गाळू दिला नाही, तो स्वतःच्या कादंबरीत गाळेल कसा? प्रत्येक थांब्यावर गाडी थांबते. बाई चढते, तिची टोमॅटोची जाळी चढते, जाळी कुठं ठेवायची यावर बोलणं होतं, कोणाचा तरी मामा भेटतो. नांदुरीला गडावर जाणारे उतरतात, ते सगळे उतरेपर्यंत एक प्रकरण. वणीला इन्स्पेक्टर चहाला उतरतो आणि टपरीवाल्याच्या गुडघेदुखीची चौकशी करतो. गुडघ्याची कहाणी चांगली आहे, पण मयत तिकडे नाशकात पडलाय याची आठवण कोणालाच नाही.

काकूंनी हस्तलिखितातच एक-दोनदा विचारलं होतं म्हणे, की त्या मढ्याला आता तरी खाली उतरवा, वास सुटला असेल बिचाऱ्याला. काका म्हणाले, पंचनामा व्हायचाय.

दुसरी अडचण संशयितांची. संशयित भरपूर होते. पण खून करायला माणूस मोकळा लागतो, आणि काकांच्या कादंबरीतला प्रत्येक माणूस त्या वेळी कुठल्या ना कुठल्या गाडीत बसलेला होता. द्राक्षांचा व्यापारी मालेगाव गाडीत. भाचा सिन्नरच्या गाडीत, तीही पंक्चर. ज्याच्यावर माझा संशय बसावा, त्याला पुढच्या पानावर काका स्वतः तिकीट काढून देत.

सोसायटीतले लोक शिकलेले, चटचट वाचणारे. चटचट वाचणाऱ्याला ही गाडी झेपेना. आणि काका गेटवर उभे राहून प्रत्येकाला विचारायचे, "कुठपर्यंत आलात?"

आधी लोक म्हणायचे, छान आहे, वाचतोय. काका म्हणायचे, ते झालं, पण आलात कुठपर्यंत? मग लोकांना युक्ती सापडली. थांब्याचं नाव सांगायचं. नांदुरी सोडलं हो काका. वणीला पोहोचलोय. काका खूश. त्यासाठी पुस्तक उघडायचीही गरज नव्हती, नकाशा माहीत असला की झालं. हे चाललं असतं बरेच दिवस, पण बी विंगमधल्या एका सरांनी गाडीची काच अर्धी खाली करून सांगितलं, "पिंपळगावपर्यंत आलोय, फारच रंगलंय."

काच वर झाली, गाडी गेली, मी गेट लावलं.

"ही गाडी पिंपळगावला जात नाही," ते हळूच म्हणाले.

इतकी वर्षं चुकीच्या गाडीत बसलेले प्रवासी त्यांनी पाहिले असतील. पण असं उतरलेलं तोंड मी त्यांचं तेव्हाच पाहिलं.

त्यानंतर लोक मागच्या गेटनं जायला लागले. मागचं गेट दूधवाल्यासाठी आणि कचरागाडीसाठी होतं. एकदम त्याला भाव आला.

आणि मग पुस्तकं खाली यायला लागली. रद्दीवाला पोती घेऊन माझ्या गेटवरूनच जातो. पहिल्यांदा वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात लाल गाडी दिसली तेव्हा मला धडकीच भरली. काका पहिल्या मजल्याच्या खिडकीत बसतात, त्यांनी बघितलं तर? मी रद्दीवाल्याला थांबवून तेवढं पुस्तक काढून घेतलं. त्याला वाटलं मला वाचायचंय. मग प्रत्येक वेळी तो स्वतःहून काढून द्यायला लागला. "घ्या वॉचमन, तुमचं आणखी एक आलं." कॉटखाली ढीग वाढत गेला. त्यावर मी ताडपत्री टाकली.

मी स्वतः मात्र वाचत होतो. याचं मोठेपण घेत नाही. मी अक्षराखाली बोट ठेवून वाचतो. बोट ओळीच्या शेवटाला जाईपर्यंत ओळीची सुरुवात विसरतो, म्हणून परत येतो. वर्तमानपत्र माझ्या पुढे पळतं, मोबाईलवरचं तर दिसायच्या आत वर सरकतं. ही पहिलीच गाडी अशी भेटली, की जी माझ्यासाठी प्रत्येक थांब्यावर उभी होती. मी धापा टाकत यावं आणि तिथं अजून टोमॅटोची जाळीच चढत असावी. आईला फोनवर सांगितलं, पुस्तक वाचतोय. ती घाबरली. "काहून रे, काम सुटलं का?"

एका दुपारी पाऊस तिरका लागला. काका दूध घेऊन येत होते, ते केबिनमध्ये शिरले. छत्री झटकून कॉटखाली ठेवायला वाकले आणि त्यांनी ताडपत्री उचलली. मी मधे पडायच्या आतच उचलली.

लाल गाड्या एकावर एक, एकावर एक. मला वाटलं, संपलं. नोकरी, केबिन, भाकरी, सगळं. मी काहीतरी बोलायला लागलो, तेव्हा त्यांनीच हात वर केला.

"सगळ्या डेपोत परत आल्या म्हणायच्या," ते म्हणाले.

मग त्यांनी उशीजवळचं माझं पुस्तक पाहिलं. ते ढिगातलं नव्हतं, त्याचे कोपरे दुमडलेले होते, पानांना बोटाचा काळा डाग पडत गेला होता.

"तू कुठपर्यंत आलास?"

"म्हसरूळ."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी घाबरून पुढचंही सांगून टाकलं. म्हसरूळच्या अलीकडे इन्स्पेक्टरच्या हवालदाराची टोपी खिडकीतून उडते, आणि गाडी थांबवून सगळे टोपी शोधतात. ढिगातल्या कुठल्याच पुस्तकाचं ते पान उघडलं गेलं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"मग आता नाशिकच," काका म्हणाले. "पोहोचलास की सांग. आणि खरं सांग. गोड बोलणारे मला बरेच मिळालेत."

खरं सांगायचं ठरलं तिथंच माझी झोप गेली. कारण पुढच्या आठवड्यात मी पोहोचलो, आणि शेवट वाचला. तुम्हाला सांगून टाकतो, तुम्ही काही पुस्तक शोधायला जाणार नाही. खून झालेलाच नव्हता. गृहस्थाला दिंडोरीच्या पुढे हृदयाचा झटका आला. आणि 'नारी' म्हणजे नांदुरी. मुठीतल्या घामानं मधलं 'दु' पुसलं गेलं, वरचं टिंबही गेलं. तिकिटाच्या मशीनची चूक नव्हती, असं काकांनी मुद्दाम एक परिच्छेद घालून लिहिलंय. तो नांदुरीला उतरणार होता, पण डोळा लागला म्हणून पुढे आला. एवढंच. समाप्त.

या शेवटानं एकच माणूस सुखी झाला होता. छापायच्या आधी काकूंनी शेवट ऐकला, 'कोणी नव्हतीच ना?' असं पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली, आणि चहात साखर परत आली.

मी मात्र पुस्तक मिटून बसलो आणि मला राग आला. इतका, की माझं मलाच भ्यायला झालं. ज्या माणसानं मला उभं केलं त्याचा राग? कसं सांगायचं हे? नाही सांगितलं तर बी विंगच्या सरांत आणि माझ्यात फरक काय? सांगितलं आणि त्यांचं तोंड परत तसं उतरलं तर? मी त्यांना टाळायला लागलो. ते खिडकीत दिसले की मी मागच्या गेटकडे जायचो. तिथं सगळी सोसायटी भेटायची.

अशात कळलं की काका-काकू हैदराबादला लेकीकडे चाललेत. कायमचे. काकांच्या डोळ्यांचं काहीतरी निघालं होतं, लेक म्हणाली, आता एकटं राहायचं नाही. खोकी बांधायला मी वर गेलो. काकू आत भांडी गुंडाळत होत्या. काका रिकाम्या कपाटासमोर खुर्चीवर बसलेले. त्यांनी विचारलं नाही. मनगटसुद्धा वर केलं नाही. आता ते विचारणारच नाहीत हे मला समजलं, आणि त्यानंच माझं तोंड उघडलं.

"काका, नाशिक आलं."

"बरं."

"खून झालाच नाही."

"नाही झाला."

"मग मी इतके महिने कोणाला शोधत होतो?"

हे मी जरा जोरातच बोललो. आतली भांडी थांबली. काका खुर्चीतून पुढे झुकले.

"तू शोधत होतास?"

"मग? सुरुवातीला तुम्हीच सांगितलं ना, माणूस मेलाय, तिकीट खोटंय. मी प्रत्येक थांब्यावर बघत होतो, आता कोण चढतंय. जाळीवाल्या बाईवर लक्ष ठेवलं. टपरीवाल्याचा गुडघा खोटा आहे असं समजून चाललो होतो मी."

काकांचा चेहरा उतरेल म्हणून मी डोळे बारीक केले होते. उलट तो उजळत गेला. शोधत होता म्हणे, असं त्यांनी आत काकूंना ओरडून सांगितलं. मग खुर्ची ओढून मला समोर बसवलं आणि विचारलं, तुझा संशय कोणावर होता?

मी म्हटलं, कंडक्टरवर.

"तो माझा साडू आहे रे. तसाच घेतलाय, चष्म्यासकट. ही मला घरात राहू देईल का?"

मग कादंबरीतला तो डॉक्टर? डॉक्टर व्याह्यांवरून घेतलेला. लेकीला तिथं नांदायचंय. व्यापारी? तो खरा व्यापारी मागच्या वर्षी वारला, आता मेलेल्यावर आळ घ्यायचा? टपरीवाला वर्गमित्र. भाचा हा भाचाच. इन्स्पेक्टरला खुनी करावा तर खात्याचा अपमान.

"शेवटापर्यंत आलो तेव्हा बघितलं, तर गाडीत सगळे घरचेच," काका म्हणाले. "कोणाला पकडू? म्हटलं, झटका तर झटका."

मग माझ्या लक्षात आलं की या माणसासाठी करता येण्यासारखं मला एक काम आहे. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"मला करा."

"काय करू?"

"खुनी. माझं नाव घाला, गाव घाला. मी घरचा नाही, गोंदियाचा. इथं मला कोण ओळखतं?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली.

"नको. तुझं पोलीस व्हेरिफिकेशन अजून व्हायचंय."

आतून काकूंचा हसण्याचा आवाज आला. त्यावर काकांनी वाक्य दुरुस्त केलं. "आणि घरचा नाहीस हे कोणी सांगितलं तुला?"

मी खोक्याला चिकटपट्टी लावायला घेतली. सरळ लागेना.

काका हैदराबादला गेले त्याला आता पावसाळा होऊन गेला. पहिल्या मजल्यावर नवीन कुटुंब आलंय, खिडकीत मनीप्लांट आहे. लोक पुन्हा पुढच्या गेटनं जायला लागलेत, गाडीची काच खाली करून मला विचारतात, काकांची काही खबरबात? आणि विचारताना जरा अपराधीच दिसतात. बी विंगच्या सरांनी परवा एक प्रत मागून नेली. परत आलेली नाही अजून.

हैदराबादहून काकांचे बोललेले निरोप येतात. डोळ्यांमुळे लिहिणं थांबलंय, म्हणून मोबाईलमध्ये बोलून दुसरी आवृत्ती चालू आहे. शेवट बदलायचा म्हणतात, पण खुनी सापडेना. तिकडे लेकीच्या सोसायटीतही सगळ्यांशी ओळख झाली, त्यामुळे तीही माणसं बाद झाली.

काका, माझं व्हेरिफिकेशन झालंय. चौकीत विचारलं, काही गुन्हा वगैरे? म्हटलं, अजून नाही. तेव्हा आता तुम्ही माझा विचार करू नका. ज्या दिवशी तुमच्या मनाची तयारी होईल त्या दिवशी मला नुसतं कळवा, कोणत्या थांब्यावर चढायचं ते. मी येईन, मागच्या सीटवर बसेन, आणि तुमच्या कादंबरीतला तो खून, तुमची शपथ, मीच करीन.